‘मदरबोर्ड गेला’ म्हणण्यापूर्वी

ही मार्गदर्शिका दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपच्या मालकांसाठी आहे. साहित्य : बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर, पांढरं खोडरबर, स्क्रू ठेवायला स्टीलची वाटी आणि घरच्यांना तासभर गुंतवून ठेवेल अशी एखादी मालिका. यातली मालिका सर्वांत महत्त्वाची. कारण लॅपटॉप बंद पडला की तो का पडला, हे तुमच्याखेरीज घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

आधी पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचा. हसू नका. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसली, की भलेभले झाकण मिटून थेट दुकान गाठतात. दुकानदार विचारतो, काय आलं होतं? ‘काहीतरी एरर होता.’ बिल फुगायला सुरुवात होते ती इथून. फोन हातातच असतो, फोटो काढा. ‘कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा’ असला संदेश आला, तर तो फोटो जपूनही ठेवा.

‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ आलं म्हणून लगेच गळा काढू नका. यूएसबीची भोकं तपासा. भाचीच्या लग्नाचे फोटो भरलेला पेनड्राइव्ह तिथं लटकत असण्याची शक्यता दांडगी. बायोसमध्ये यूएसबीला पहिला नंबर दिलेला असला, की लॅपटॉप इमानेइतबारे त्या फोटोंत विंडोज शोधत बसतो. पेनड्राइव्ह उपटा, पुन्हा चालू करा. तरी तेच, आणि वर आतून टक्-टक् आवाज येत असेल, तर मात्र थट्टा पुरे. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. ‘परत एकदा बघू’ म्हणत बटण दाबत राहाल, तर हाती लागण्यासारखं आहे तेही घालवाल.

भिंतीवरचं कॅलेंडर चालू वर्षाचं आणि लॅपटॉप मात्र 1 जानेवारी 2009 मध्ये रमलेला, असंही होतं. मग बँकेची साइट उघडत नाही. त्या तारखेला त्या साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून ब्राउझर दारातच अडवतो. भाबडी माणसं यावरून वायफायवाल्याशी भांडतात. मदरबोर्डावर बहुधा सीआर 2032 जातीची, 3 व्होल्टची चपटी बॅटरी असते. ती संपली की घड्याळ आणि बायोसची सेटिंग दोन्ही विसरली जातात. लॅपटॉपमधल्या बॅटरीला पुष्कळदा दोन वायरी जोडलेल्या असतात, तेव्हा घड्याळवाल्याकडची सुटी आणून चिकटपट्टीचे प्रयोग करू नका. वायरीसकट मिळते.

पडदा अंधारलेला आणि नुसतंच पीं-पीं? आवाज मोजा. प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी, पण संशयित बहुतेक वेळा रॅमच. अडॅप्टर काढा, बॅटरी काढा, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. मग खालचं झाकण उघडा. या क्षणी तुम्हाला मागच्या खंडेनवमीचं हळद-कुंकू भेटेल. पंख्याच्या जाळीवर वाहिलेलं ते सगळं आत पोचून धुळीशी एकजीव झालेलं असतं. (यंदा पूजा झाकणावर करा, जाळीवर नको.) रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाजूला सारून काढा, सोनेरी कडेवरून खोडरबर हलकेच फिरवा, चुरा ब्रशनं झटका. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. पट्टी तिरकी सरकवून खाली दाबा. दोन्ही क्लिपा खट्कन बसल्या पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेकटी लावून बघा, लबाड कोण ते कळेल.

आता हार्डवेअरच्या आपसातल्या भांडणाकडे. जुन्या पीसीत प्रोसेसरला हाक मारायच्या फक्त 16 वाटा असत, 0 ते 15. शून्य टायमरची, एक कीबोर्डची, पाच बहुधा साउंड कार्डची. मोडेम आणि माउस एकाच वाटेवर आले, की चाळीतल्या एकुलत्या नळावर होतं तेच व्हायचं. विंडोज 95 नं ‘लावा आणि वापरा’ असं आश्वासन दिलं. पुढे एप्रिल 1998 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज 98 ला स्कॅनर लावला आणि भर सभेत निळा पडदा आला. तेव्हा तुमच्या प्रिंटरचं मनाला लावून घेऊ नका.

हल्ली वाटांवरून भांडणं क्वचित होतात. गुन्हेगार बहुधा ड्रायव्हर असतो. विंडोज 7 असेल तर चालू होताना एफ एट दाबत राहा, सेफ मोडमध्ये शिरा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण ज्याच्या कपाळी, तो आरोपी. त्याला डिसेबल करून नेहमीसारखं चालू करा. आणि शेवटचं नवीन काय जोडलं होतं, हे खरं खरं आठवा.

एवढ्यावरही दुकानदार न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणाला, तर त्याला लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालवून दाखवायला सांगा. चालला, तर मदरबोर्ड बहुतेक जिवंत आहे. नाहीच चालला आणि भंगारात द्यायचं ठरलं, तर हार्ड डिस्क आधी काढून घ्या. तिच्यावर तुमचं पॅन कार्ड आहे.