सात रंगांच्या पावत्या

1 जूनला पनवेल-उरणच्या खाडीकाठी यांत्रिक बोटी ओढून ठेवल्या जातात आणि 31 जुलैपर्यंत सरकारी हुकमाने त्या गप्प बसतात. या 61 दिवसांत समुद्रात मासळीची पैदास होते आणि बोटीच्या टाकीत दुसऱ्याच कशाची तरी. ही थट्टा नाही. टाकी अर्धी रिकामी राहिली की वरच्या पोकळीत पावसाळी हवा शिरते, रात्रीच्या गारव्याने तिचं पाणी होतं. ते पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतं. मग पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वस्ती करतात. ना सात-बारा, ना सिडकोचा भूखंड, ना बिनशेतीचा दाखला. नवी मुंबईत इतक्या झटपट वसलेली दुसरी वसाहत माझ्या पाहण्यात नाही. नारळीपौर्णिमेला नारळ वाहून झाला, की नाखवा इंजिनाला हात घालतो. इंजिन दोनदा खोकतं आणि फिल्टरमधून चहाच्या रंगाचा बुळबुळीत गाळ बाहेर येतो.

ज्यांच्या छोट्या होडीला मागे पेट्रोलचं मशीन आहे, त्यांची कथा आणखी गोड आहे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. म्हणजे घाटावरचा ऊस साखर व्हायच्या भानगडीत न पडता थेट खाडीतल्या कोळ्याच्या इंजिनात उतरू शकतो. सहकाराचा प्रसार इथवर होईल असं धनंजयराव गाडगीळांनाही वाटलं नसेल. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. पुरेसं पाणी मिळालं की ते पेट्रोलशी काडीमोड घेतं आणि पाण्याला घेऊन तळाशी वेगळी चूल मांडतं. नेमकं तळातूनच इंजिनाला इंधन जातं. मग कॅन कितीही हलवा, तो संसार पुन्हा जुळत नाही.

तर अशा बिघडलेल्या डिझेलचा एक कॅन घेऊन ओळखीचा एक नाखवा यंदा माझ्याकडे आला. "दादा, तुम्ही पेपरात लिव्हता. या तेलाचा करू काय, ता सांगा."

मी लिहितो म्हणजे मला माहीत असतं, हा त्याचा भाबडेपणा. गल्लीतल्या मंडळींनी मात्र भराभर सल्ले दिले. एक म्हणाला, होळीला ठेव. होळी फाल्गुनात, आत्ता श्रावण. आणि कॅनमध्ये पेट्रोल असतं, तर त्याच्या वाफेने फाल्गुनापर्यंत वाट पाहिली नसती, पलीकडच्या देव्हाऱ्यातल्या निरांजनापर्यंत ती आपली आपण चालत गेली असती. दुसरा म्हणाला, बिल्डरच्या माणसाला दे, तो जळक्या ऑईलसारखं सेंट्रिंगच्या फळ्यांना फासेल. पनवेलमध्ये फळ्यांना तोटा नाही हे खरं, पण जळकं ऑईल वेगळं आणि इंधन वेगळं. फळीवर बिडी ओढत बसलेल्या मजुराने हा फरक शोधून काढावा अशी माझी इच्छा नाही. तिसरे काका अनुभवी. ते म्हणाले, "ओहोटीला सोडून दे. जातंय." जातं खरंच. सहा तासांनी भरतीबरोबर परत येतं, खारफुटीच्या मुळांना चिकटतं, निवट्यांच्या बिळांत उतरतं आणि जिताड्याच्या कल्ल्यांत मुरतं. रायगडात साहेबाकडे काम असलं की जिताडा घेऊन जायची जुनी रीत आहे. उद्या साहेबाच्या ताटात डिझेलचा वास आला आणि फाईल अडकली, तर त्याला जबाबदार कोण?

म्हणून मी कायदा काढला. कायदा सुंदर आहे. घातक कचऱ्याचे 2016 चे नियम वापरलेल्या तेलाला आणि तेलाच्या गाळाला घातक कचरा मानतात. असा कचरा 90 दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. अधिकृत ठिकाणी धाडायचा आणि धाडताना फॉर्म 10 भरायचा, सात प्रतींत. पांढरी प्रत धाडणाऱ्याने प्रदूषण मंडळाला पाठवायची, पिवळी स्वतःजवळ ठेवायची. गुलाबी माल घेणाऱ्याची, नारिंगी वाहतूकदाराची. हिरवी घेणाऱ्याने मंडळाला पाठवायची, निळी धाडणाऱ्याला परत, आणि माल परराज्यातून आला असेल तर करडी त्या राज्याच्या मंडळाला. नाखवाला हे वाचून दाखवलं. त्याने शांतपणे विचारलं, "नि तेल कोनच्या रंगाचा पायजे?"

हे नियम कारखान्यासाठी आहेत. तिथे टँकर असतो, कारकून असतो, शिक्का असतो. ते असायलाच हवेत; मोठ्या मालाचा माग असाच ठेवावा लागतो. पण कॅन हातात धरून उभा असलेला माणूस नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कधी आलाच नाही. घरगुती बाजूने पाहावं, तर 2016 च्याच घनकचरा नियमांनी घरातल्या घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र सांगितलं होतं. त्या कचऱ्याच्या व्याख्येत रंगाचे डबे होते, कीटकनाशकाचे डबे होते, ट्यूबलाईट होती, जुनी औषधं होती, पाऱ्याचा फुटका तापमापकही होता. शिळ्या इंधनाचं नाव नव्हतं. ताप आला तर सोय होती, इंजिनाला आला तर नव्हती.

यातली गंमत पनवेलकरालाच नीट कळेल. मुंबई परिसरातल्या कारखान्यांचा घातक कचरा जिथे रीतसर जाळला आणि पुरला जातो, ते केंद्र तळोज्याला आहे. म्हणजे आपल्याच तालुक्यात. दूरदूरचं विष सात रंगांचे कागद फडकावत आपल्या दारात येतं आणि आपल्या दारातला कॅन मात्र तिथवर पोचू शकत नाही. तळोज्यातलं सगळंच कागदावर जातं असंही नाही. ऑगस्ट 2017 मध्ये त्याच औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली, हे तुम्हाला आठवत असेल. रंगाचं पाणी कासाडी नदीत सोडणाऱ्या एका कारखान्याला मग प्रदूषण मंडळाने टाळं लावलं. निळी प्रत टपालाने परत यायची असते. त्या वर्षी ती चार पायांवर आली.

शेजारी न्हावा-शेव्याला लागणाऱ्या मोठ्या जहाजांचा थाट वेगळा. आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांच्या यंत्रघरातलं तेलकट पाणी समुद्रात सोडताना दहा लाख भागांत 15 भागांपेक्षा जास्त तेल चालत नाही, आणि ते मोजायला यंत्र. आणि तरीही 7 ऑगस्ट 2010 ला एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली, आणि रायगडच्या खारफुटीने काळा लेप लावून घेतला. तेव्हा मासळी घ्यायला लोक धजेनात. नाखवा हे विसरलेला नाही. त्यामुळे 'कोळ्यांनो, खाडी स्वच्छ ठेवा' असा फलक दिसला की त्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते छापण्यासारखं नसतं.

पण म्हणून त्याचा कॅन खाडीत रिता करायला मी संमती दिली नाही. दुसऱ्याने टँकर ओतला म्हणून आपला तांब्या पवित्र होत नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला गाठलं. त्याने पाच मिनिटांत जे सांगितलं, ते कोणत्याही नियमात नाही. डिझेल पारदर्शक कॅनमध्ये काही दिवस हलवाहलव न करता ठेव, पाणी नि गाळ खाली बसेल. वरचं नितळ तेवढं नळीने काढ, बारीक गाळणीतून गाळ, ताज्या डिझेलमध्ये थोडं थोडं मिसळून संपव. फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी रोज सोडत जा, पण डब्यात, बोटीत नाही. पेट्रोल नुसतं शिळं असेल तर ताज्यात थोडं थोडं चालेल. रंग गडद झाला असेल, वार्निशसारखा वास येत असेल किंवा थर सुटला असेल तर इंजिनाला दाखवूसुद्धा नकोस. पाण्याच्या बाटलीत भरू नकोस, घरात पोरं आहेत. आणि पुढल्या मे महिन्यात टाकी एक तर गळ्यापर्यंत भर नाही तर पुरती रिकामी कर. अर्ध्यावर सोडलेली टाकी आणि अर्ध्यावर सोडलेलं काम, दोन्ही सरकारला शोभतात.

"टाकी भरायची म्हंजे पैसा," नाखवा म्हणाला. मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण तो आधी खर्च करणाऱ्याला नंतर मिळतो, आणि 'नंतर' म्हणजे कधी हे परतावाच ठरवतो.

वरचं नितळ डिझेल वापरून झालं. तळातला गाळ, जेमतेम तांब्याभर, उरला. मी सुचवलं, प्रत्येक जेटीवर मच्छीमार सोसायटीने झाकणाचं एक लोखंडी पिंप ठेवावं, जळक्या ऑईलला एक आणि अशा गाळाला वेगळं. पेट्रोल त्यात अजिबात नको. पिंप भरलं की मंडळाच्या यादीतला पुनर्वापर करणारा येऊन घेऊन जाईल. जळक्या ऑईलचे तो पैसेसुद्धा देतो. सात रंगांचे कागद तो आणि सोसायटी मिळून रंगवतील. सगळ्यांना कल्पना पसंत पडली. लगेच बैठक भरली. पिंप कोणत्या निधीतून, उद्घाटन कोणाच्या हस्ते आणि पिंपावर नाव कोणाचं, एवढे तीनच मुद्दे राहिले. पहिले दोन अर्ध्या तासात सुटले. तिसऱ्यावर, नवी मुंबई विमानतळाच्या नावावरून झालेल्या वादाचा इतिहास लक्षात घेऊन, उपसमिती नेमली आहे.