कागदोपत्री श्रीमंत

आमच्या कंपनीत कुणी पगारवाढीचं नाव काढलं, की एचआर इन्फोसिसचं नाव काढते. तिथले ड्रायव्हरसुद्धा ईसॉपवर, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या शेअर-ऑप्शन्सवर, कसे करोडपती झाले, ही कथा नव्या माणसाला लॅपटॉपच्या आधी मिळते.

माझ्याकडे चार हजार ऑप्शन्स आहेत. म्हणजे दहा रुपयांना एक शेअर घेण्याचा हक्क. आणि ताज्या मूल्यांकनात तोच शेअर ५१० रुपयांचा. वीस लाखांचा फायदा! सासऱ्यांना हे मी जरा घसा खाकरूनच सांगितलं. अण्णांची हयात बँकेच्या कर्जखात्यात गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"विकता येतात?"

"अजून नाही. कंपनी बाजारात आली की."

"तारण ठेवता येतात?"

"नाही."

"मग जावईबापू, वीस लाख आहेत कुठे?"

मी इन्फोसिस पुढे केली. "ती बाजारात आली १९९३ला," अण्णा म्हणाले, "आणि ऑप्शन्स वाटायला लागली १९९४पासून. तिथल्या माणसाला सकाळच्या पेपरात भाव दिसायचा. तुम्हाला कुठे दिसतो?"

मला दिसतो तो एचआरच्या स्लाइडवर.

वीस लाख कुठे आहेत हे आयकर खात्याला मात्र पक्कं ठाऊक असतं. ऑप्शन वापरून शेअर घेतला, की त्या दिवशीची वाजवी किंमत आणि आपण मोजलेले पैसे यांतला फरक म्हणजे पगारच. तेव्हा कंपनीला चाळीस हजार द्यायचे आणि तीस टक्क्यांनी, सेससकट, सहा लाख चोवीस हजार कर भरायचा. मिळतं काय, तर डीमॅटमध्ये एक ओळ. २०२०पासून काही स्टार्टअपमधल्या लोकांना हा कर पुढे ढकलता येतो, पण त्यासाठी कंपनीकडे केंद्राचं खास प्रमाणपत्र लागतं. आमच्या रिसेप्शनला प्रमाणपत्रं पुष्कळ टांगली आहेत. नेमकं हेच नाही. शिवाय नोकरी सोडली, तर आमच्या करारानुसार नव्वद दिवसांत शेअर घ्या, नाहीतर विसरा.

आणि कंपनी कुणी विकत घेतलीच, तर पहिली पंगत गुंतवणूकदारांची. त्यांनी शंभर कोटी घातलेत, ते शंभर आधी उचलायचे, असं करारातच असतं. कंपनी नव्वद कोटींना गेली, तर आमच्या पंगतीला मठ्ठासुद्धा उरत नाही.

तरी कंपनीच्या हिशेबाच्या वहीत माझ्या ऑप्शन्सची किंमत खर्च म्हणून लागते. ती काढायला ब्लॅक-शोल्सचं १९७३चं सूत्र आहे. त्या कामाला १९९७चं अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. त्यात शेअरचा भाव किती वरखाली होतो, तो आकडा लागतो. आमचा शेअर बाजारात कधी गेलेलाच नाही, म्हणून तो आकडा बाजारातल्या दुसऱ्या कंपन्यांकडून उसना आणतात.

सूत्रापेक्षा मला अण्णांची युक्ती आवडली. "देणाऱ्यालाच विकायला जा. तो देईल तोच भाव."

यंदाच्या अप्रेझलला मी एचआरला म्हटलं, "माझे चारही हजार ऑप्शन्स परत घ्या आणि पगार महिना पाच हजारांनी वाढवा."

"छे हो! एवढी कॅश कुठून आणायची?"

मी तीन हजारांवर आलो. बाईंनी दुःखी चेहऱ्याने लॅपटॉप मिटला. संध्याकाळी मेल आली: तुमच्या निष्ठेची दखल घेऊन आणखी पाचशे ऑप्शन्स देण्यात येत आहेत.