ठोक्यांची टोरांटो शाखा

माझं हृदय छातीत डावीकडे असलं, तरी त्याचा हिशेब टोरांटोला ठेवला जातो. ते जरा अशक्त झालंय असं डॉक्टर म्हणाले आणि दिवाळीला लेक आली ती बॅगभर यंत्रं घेऊन. फराळाचे डबे परत न्यायला बॅगेत जागा झाली, ती या यंत्रांनी आमचं घर व्यापल्यामुळे.

गादीखाली एक पट्टी आहे. हृदय रक्त फेकतं तेव्हा दर ठोक्याला सगळं शरीर केसभर हलतं म्हणे, आणि पट्टी ते टिपते. यावर ही म्हणाली, ''लग्न झाल्यापासून रोज सकाळी गदागदा हलवते, तेव्हा हलत नाहीत ते!'' दुपारी पंख्याखाली म्हणून माझ्या जागी तीच झोपते. परवा लेकीचा फोन आला, ''बाबा, दुपारी तुमचे ठोके किती छान असतात!''

रक्तदाबाच्या यंत्राचं सोवळं फार कडक. आधी अर्धा तास चहा नाही, मग पाठ टेकून पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या उंचीला, आणि बोलायचं नाही. हा शेवटचा नियम बसणाऱ्याला आहे, स्वयंपाकघरातून ''अहो, लाइटबिल भरलंत का?'' विचारणाऱ्याला नाही. दवाखान्यात वरचा आकडा 140 पर्यंत चालवून घेतात, घरी 135 लाच नाक मुरडतात. घरी माणूस निवांत असतो, असा त्यामागचा हिशेब. तो मांडणारे आमच्याकडे नळाचं पाणी जायच्या वेळेला आलेले नाहीत.

हृदयावर दुरून नजर ठेवायच्या या उद्योगाचा मूळपुरुष आइंटहोव्हेन. लायडनमधल्या इस्पितळातल्या रुग्णाच्या हृदयाचा आलेख त्याने टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवला. त्यावरचा लेख 1906 सालचा. पण तो आलेख पाहून रुग्णाला ''काल काय खाल्लंत?'' असं कुणी विचारलं नसावं.

मला विचारतात. त्याला कारण वजनकाटा. सगळ्यांत साधं यंत्र, पण चहाडखोरीत पहिलं. अशक्त हृदयाच्या माणसाच्या अंगात पाणी साठू लागलं, की पुष्कळदा दम लागण्याआधी वजन वाढतं. दोनेक दिवसांत दोन किलो चढले तर डॉक्टरांना कळवायचं. सांगलीच्या लग्नाहून परतलो आणि काट्यावर उभा राहिलो. पाय खाली टेकतोय तोच फोन. ''घोटा दाबून दाखवा, खड्डा पडतो का?'' कॅमेऱ्यासमोर घोटा दाबला. खड्डा पडला नाही. मग जिलब्या किती, पापड-लोणचं किती, याची उलटतपासणी झाली. मीठ पाणी धरून ठेवतं, म्हणून जिलबी माफ झाली आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली.

आता लेकीने रोचेस्टरच्या संशोधकांनी काढलेल्या कमोडच्या बैठकीची बातमी पाठवली आहे. नुसतं बसायचं, नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन आपोआप मोजला जातो. अमेरिकेत 2023 साली त्या बैठकीला मान्यताही मिळाली. युक्ती मात्र मानली पाहिजे: नाडी मोजणारं घड्याळ घालायचं माणूस विसरेल, इथे यायचं कसं विसरेल?

आमच्याकडे अजून भारतीय पद्धतीचंच आहे. तेव्हा आधी कमोड बसवायला हवा. सकाळी अकराला प्लंबर आला, टेपने मापं घेतली, भिंत ठोकून पाहिली आणि खर्चाचा आकडा सांगितला. मी खुर्चीत बसलो. थोड्याच वेळात मनगटावरचं घड्याळ थरथरलं, पाठोपाठ फोन वाजला.

''बाबा, बसल्या जागी नाडी एवढी कशी वाढली?''

तिच्याकडे रात्रीचा दीड वाजला होता.