गडग्यापलीकडचा कुतुलू

वहिनींना काही सांगायचं असलं की त्या हाक मारत नाहीत. गडग्याशी येऊन नुसत्या खाकरतात. परवा संध्याकाळी खाकरल्या, तेव्हा मी तुळशीला पाणी घालत होते. वळून बघते तर त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक.

“अगोबाई! कुणाचा मुडदा पाडलात?”

“कोकमं फोडत्ये. मुडदा पाडायचाय अजून. नातवाचा.”

नातू पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीला आला की दुपारी बारापर्यंत माळ्यावर लोळतो, ही तक्रार जुनीच. पण त्या दिवशी वहिनी केर काढायला वर गेल्या तर जमिनीवर रांगोळी.

“माझ्या दिवाळीच्या डब्यातली गो! ठिपके नाहीत, गोपद्म नाही, जिना कोसळल्यासारख्या नुसत्या वाकड्या रेघा. चार कोपऱ्यांत मेणबत्त्या. त्यासुद्धा वीज गेल्यावर लावायच्या म्हणून मी ठेवलेल्या. म्हटलं, हे काय रे? तर म्हणे, आजी, पाय लावू नकोस, हे चंद्राचं द्वार आहे, उघडं राहिलं तर पलीकडचं काहीतरी आत येईल. म्हटलं, मांजर येईल, लावून घे.”

मग पदराखालून एक पुस्तक काढून त्यांनी गडग्यावर ठेवलं. काळं कुळकुळीत वेष्टन, वर कसलीशी खूण, आणि त्या खुणेच्या मधोमध वहिनींच्या अंगठ्याचा कोकमी ठसा. “तू जन्मभर वाचनालयात काढलास. बघ कुठल्या देवाचं आहे हे. कुतुलू म्हणून कोण तो?”

एकतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, पण हे माझ्या कपाटात कधी नव्हतं. नाव मात्र चांगलं ठाऊक होतं. नेक्रोनॉमिकॉन.

“वहिनी, हा देव कुठलाच नाही. एका गोष्टी लिहिणाऱ्यानं काढलेला राक्षस आहे हा. मूळ नाव क्थुलू. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या नगरीत झोपलाय आणि झोपेतून माणसांना स्वप्नं पाडतोय, अशी गोष्ट.”

“गोष्टीतला? मग ह्या मेल्यानं माझी रांगोळी का सांडली?”

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी झारी खाली ठेवली.

अमेरिकेत प्रॉव्हिडन्स म्हणून गाव आहे. तिथला हा हॉवर्ड लव्हक्राफ्ट, जन्म १८९० चा. बाप वेडाच्या इस्पितळात गेला, पुढे आईही त्याच इस्पितळात वारली. पोरगा आजोळी वाढला, पुस्तकांत. पाचेक वर्षांचा असताना अरबी सुरस कथा वाचून खेळाखेळात स्वतःला अरब म्हणवून घ्यायला लागला. त्या खेळातलं नाव अब्दुल अल्हझ्रेद. अरबी जाणणारे म्हणतात की हे नाव धड नावच नाही. ‘अब्दुल’मध्ये एकदा ‘अल’ येऊन गेला, पुढे परत ‘अल’. आपलं पिवळं पीतांबर.

“मग मोठा झाल्यावर हाच अब्दुल गोष्टीत आणला. वेडा अरब, येमेनमधला. त्यानं इसवी सन ७३० च्या सुमारास दमास्कसला बसून एक भयंकर पोथी लिहिली आणि त्याला भर दिवसा, लोकांदेखत, न दिसणाऱ्या प्राण्यानं फाडून खाल्लं. तीच ही पोथी. १९२७ साली लव्हक्राफ्टनं तिचा सगळा इतिहास लिहून काढला. ग्रीक भाषांतर कधी झालं, लॅटिन कधी, कुठल्या पोपनं बंदी घातली, प्रती कुठकुठल्या ग्रंथालयांत आहेत. लॅटिन भाषांतर १२२८ साली ओलाउस वर्मियसनं केलं म्हणाला. आता ह्या नावाचा विद्वान डेन्मार्कात खरोखरच होऊन गेला, पण तो सोळाव्या-सतराव्या शतकातला. चारशे वर्षं आधीच त्याला कामाला लावलंन.”

“खऱ्यात खोटं मिसळलंन म्हण.”

“दुधात पाणी घालावं तसं. पाण्यात दूध घातलं तर लगेच कळतं.”

वहिनींना साहित्यात फारसा रस नाही. त्यांनी मुद्द्याचं विचारलं. “लग्न केलंन की नाही?”

केलं होतं. १९२४ साली, न्यू यॉर्कला. बायको सोनिया टोप्यांच्या धंद्यातली, स्वतः कमावणारी, ह्याच्याहून सात वर्षांनी मोठी. लग्नाला निघताना स्टेशनवर हा एक टाइप केलेली गोष्ट हरवून बसला. जादूगार हूदिनीच्या नावावर छापायची म्हणून परक्यासाठी लिहिलेली गोष्ट होती ती. मग मधुचंद्राचे दिवस ती पुन्हा टाइप करण्यात गेले.

वहिनींनी लाल हात कपाळाला लावला आणि मळवट भरून घेतला. “आणि टिकलं?”

“दोन वर्षं. मग हा परत गावी, मावश्यांकडे. १९२६ च्या उन्हाळ्यात तिथेच क्थुलूची गोष्ट लिहिली.”

“बायकोला सोडून आला नि समुद्रात झोपलेला राक्षस सुचला. बरोबर आहे.”

समीक्षकांनी ह्या गोष्टीवर ग्रंथ लिहिलेत, पण हा मुद्दा कुणाला सुचल्याचं माझ्या वाचनात नाही.

मला ह्यातली खरी मौज वाटते ती लव्हक्राफ्टच्या लिहिणाऱ्या मित्रमंडळाची. ह्यांच्या गोष्टी ‘विअर्ड टेल्स’ नावाच्या स्वस्त मासिकात यायच्या. ह्यानं काढलेला राक्षस त्यानं आपल्या गोष्टीत घ्यायचा, त्यानं काढलेली पोथी ह्यानं आपल्या कथेतल्या कपाटात ठेवायची. वाचणाऱ्याला वाटायचं, चार वेगवेगळी माणसं एकाच पोथीबद्दल बोलतायत, त्या अर्थी असणारच कुठेतरी. रॉबर्ट ब्लॉक नावाचा अठरा वर्षांचा पोरगा होता. त्यानं गोष्टीत लव्हक्राफ्टसारख्या माणसाला मारायची परवानगी मागितली, तर ह्यानं रीतसर परवानापत्र पाठवलं आणि साक्षीदार म्हणून त्या वेड्या अब्दुलची सही! आणि मग पुढच्या गोष्टीत ब्लॉकसारख्या पोराला मारून उट्टं काढलं. हाच ब्लॉक पुढे ‘सायको’चा लेखक झाला.

“म्हणजे चेष्टाच सगळी.”

“चेष्टाच. आणि माणूस स्वतः पक्का नास्तिक. १९१४ साली गावच्या वर्तमानपत्रात एका ज्योतिष्याशी असा भांडला की टोपणनावानं खोटी भाकितं लिहून त्याची टर उडवलीन. पुढे हूदिनीनं अंधश्रद्धेविरुद्ध पुस्तक लिहायचं काम त्याला दिलं होतं. १९२६ च्या ऑक्टोबरात हूदिनीच गेला आणि ते तसंच राहिलं. वाचक पत्र पाठवून विचारायचे की ही पोथी कुठे मिळेल, तर हा इमानदारीत कळवायचा की नाही हो, मी बनवली आहे. १९३७ साली सेहेचाळिसाव्या वर्षी कर्करोगानं गेला. हातात फुटकी कवडी नव्हती.”

“तो नाही म्हणत होता, तर लोकांनी मानलं कसं?”

इथं मी जरा सरसावून बसले. म्हणजे गडग्याला टेकले. बनवणारा ‘बनवलं’ म्हणून सांगतोय, तरी मानणारा मानतो. त्यासाठी मानणाऱ्याला एकच वाक्य पुरतं: त्या बिचाऱ्याला स्वतःलाच कळलं नाही.

इंग्लंडात केनेथ ग्रँट म्हणून एक होता. अॅलिस्टर क्राउली हा तिकडचा बडा मांत्रिक, त्याच्याकडे हा तरुणपणी काही काळ चिटणीस होता. १९७२ साली ह्यानं पुस्तक काढलं आणि क्राउलीचे मंत्र एका बाजूला, लव्हक्राफ्टची नावं दुसऱ्या बाजूला, अशी जुळणी मांडली. त्याचं म्हणणं असं की लव्हक्राफ्टला ही सत्यं स्वप्नांत दिसत होती, भीतीपोटी तो त्यांना गोष्टी म्हणत होता. संपलं! आता लेखकानं शंभर वेळा नाही म्हणावं, दर नकाराला पुरावा वाढतो. लव्हक्राफ्टला भयंकर स्वप्नं पडत हे खरंच होतं. तेवढ्या खुंटीला सगळी झूल टांगली. त्याच साली अमेरिकेत सैतानाची उघड उपासना मांडणाऱ्या अँटन लाव्हेनं विधींचं पुस्तक छापलं, त्यात क्थुलूच्या नावाचाही एक विधी. पूजा आधी, देव मागाहून.

“आणि हे?” वहिनींनी काळ्या पुस्तकाकडे हनुवटी केली. हात लावेनात. मघापासून पदराखाली घेऊन हिंडत होत्या, आता लावेनात.

हे १९७७ चं, न्यू यॉर्कचं. तिथं मंत्रतंत्राचं सामान विकणारं एक दुकान होतं, त्याच्या आसऱ्यानं निघालेलं. लेखक ‘सायमन’, टोपणनाव. पहिली आवृत्ती कातडी बांधणीची, प्रती मोजून ६६६, कारण तिकडे तो सैतानाचा आकडा. १९८० ला खिशात मावणारी स्वस्त आवृत्ती आली आणि ती अजून खपते आहे. आत काय? खऱ्या सुमेरी-बाबिलोनी देवांची नावं, मार्दुकची पन्नास नामं, सात ग्रहांची सात द्वारं, पहिलं चंद्राचं. आणि त्यांच्या पंगतीत हळूच बसवलेला क्थुलू. सुमेरी वाटावा म्हणून त्याचं स्पेलिंग बदललंय. काय केलंय सांगू? कुतुलू. वहिनी मघापासून चुकीचं नव्हत्या म्हणत, पुस्तकात लिहिलंय तेच म्हणत होत्या. मूळ हस्तलिखित ग्रीक म्हणतात. कुठल्या संग्रहालयात ठेवलेलं नाही, अभ्यासकांपुढे आलेलं नाही. वर प्रस्तावनेत दम आहेच, की हे धोक्याचं आहे, जपून.

“‘येथे थुंकू नये’ लिहिलं की तिथेच थुंकतात,” वहिनी म्हणाल्या.

इंग्लंडातच आणखी एक पंथ आहे, केऑस मॅजिकवाल्यांचा. त्यांची गोष्ट मला त्यातल्या त्यात सरळ वाटते. ते म्हणतात, देव बनावट आहे हे आम्हाला ठाऊक आहे, श्रद्धा हे अवजार आहे, कोयता घेतो तशी घ्यायची आणि काम झालं की खुंटीला लावायची. वहिनींना हे पटलं नाही. “खुंटीला लागते होय ती?”

मग त्या एकदम संतोषी मातेवर गेल्या. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा थिएटराबाहेर चपला काढून बायका आत जात, पडद्यावर फुलं नि नाणी उधळत. वहिनींनीसुद्धा सोळा शुक्रवार केले होते, गूळ-चणे वाटले होते, घरात चिंच-लिंबू वर्ज्य. मी म्हटलं, ते व्रत सिनेमाआधीपासून थोडंफार होतं, पण घरोघर पोचवलं सिनेमानं. त्यात देवी प्रेमळ होती आणि लेकीबाळींचं भलं मागायचं होतं. घाबरवणाऱ्या गोष्टीचं दैवत होणं निराळं.

“निराळं काय त्यात? माझा नातू तुंबाडच्या हस्तरलासुद्धा खरा मानतो. म्हणतो, पुराणात आहे.”

अठरा पुराणांत कुठे हस्तर नाही, हे मी गडग्यावर हात आपटून सांगितलं. ‘तुंबाड’ २०१८ चा सिनेमा. नारायण धारपांच्या एका गोष्टीवरून तो सुचला, हे दिग्दर्शकानंच सांगितलंय. सोन्याचा लोभी देव, पुराणातून नाव पुसलेला, ही सगळी सिनेमाची रचना. आणि बघा, ‘नाव पुसलेला’ म्हटलं की पोथीत न सापडणं हाच पुरावा. अब्दुलच्या पोथीचीच युक्ती. गंमत म्हणजे लव्हक्राफ्टच्या राक्षसांतही ‘हस्तूर’ नावाचा एक आहे. तोही उसना. अँब्रोज बिअर्सच्या गोष्टीत तो मुळात मेंढपाळांचा साधा देव होता, मग चेंबर्स नावाच्या लेखकानं १८९५ साली उचलला, मग लव्हक्राफ्टनं ओझरता नेला, आणि त्याच्या मागे ऑगस्ट डर्लेथनं त्याला अक्राळविक्राळ केलं. तीन घरी दत्तक जाऊन मेंढ्या राखणारा देव राक्षस झाला.

मी भलतीच रंगात आले होते. वाचनालय सुटल्यापासून इतकं ऐकून घेणारं कोणी भेटत नाही.

वहिनींनी पुस्तक पदरानं उचललं, कोपऱ्यातून, मेलेलं झुरळ उचलावं तसं. आणि जाता जाता म्हणाल्या, “तुमच्या विहिरीवरच्या बाप्याचं काय गो?”

मी गप्प.

हा बाप्या माझ्या सासऱ्यांनी काढलेला. विहिरीकाठच्या हापूसवर पोरं चढायची, एखादं पडून बुडेल म्हणून त्यांनी एका मे महिन्यात ओसरीवर बसून सांगितलं की तिन्हीसांजेला विहिरीच्या कठड्यावर पांढऱ्या धोतरातला एक बाप्या बसतो, त्याला पाय नाहीत. मला त्यांनी हसत हसत सांगितलं होतं, धोतर कुणाचं घेतलं तेही. स्वतःचंच, वाळत घातलेलं. हे सगळं मी वहिनींना पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच गडग्यावर सांगितलेलं. सासरे गेले, हापूस वादळात पडला. बाप्या आहे.

“गेल्या वर्षी गाळ काढायला माणूस आला होता तुझ्याकडे. नारळ दिल्याशिवाय उतरत नव्हता.”

“हो.”

“दिलास ना?”

“दिला. उतरतच नव्हता, काय करणार? पाऊस तोंडावर आलेला.”

“फोडलान कुणी?”

“...मीच.”

वहिनी हसल्या नाहीत. “ह्या वर्षी लवकर बोलाव त्याला,” एवढंच म्हणाल्या. “आणि नारळ बाजारचा आणू नकोस, महाग झालेत. आमच्या माडाचे परवा पाडलेत, त्यातला देते. नि हो, त्या मेल्याला रांगोळी पुसायला सांगितलीय, तर म्हणतो द्वार बंद करायचा मंत्र अजून वाचून झाला नाही. सत्तर पानं राहिलीत म्हणे. तोवर मी केर कुठून काढू?”