ललित कुठलं, ललितेतर कुठलं?

जुन्नर-आंबेगावात कुणी "काय वाचू?" विचारलं, की कादंबरी आणि माहितीपर पुस्तक, दोन्ही सुचवावं. पंचाईत कप्पे ठरवताना होते. शिवनेरीच्या पायथ्याशी शिवरायांवरून वाद पेटला, की रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' ही कादंबरी पुरावा म्हणून पुढे येते. गजानन मेहेंदळे यांच्या तळटिपांनी लगडलेल्या 'श्री राजा शिवछत्रपती' ग्रंथाला दसऱ्याला झेंडूचं फूल तेवढं मिळतं. डिंभे धरणाच्या पाण्यात जुनं आंबेगाव बुडालं. धरणग्रस्तांची परवड मांडणारी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवूनही कल्पित, आणि पुनर्वसनाची आश्वासनं मात्र ललितेतर! बिबट्याच्या गोष्टी तर पारावर रोज नव्या छापून येतात, त्यांचा कप्पा कोण ठरवणार? ललित आणि ललितेतर, दोन्ही वाचा, फक्त कादंबरीतला संवाद भाषणात ठोकण्याआधी मेहेंदळ्यांचं एखादं पान उलटा.