साहेबांचं शिसं

३० टक्के कथील आणि ७० टक्के शिसं. हे प्रमाण मी हल्ली लग्नकार्यातही कुणी न विचारता सांगतो. या मिश्रणाची गंमत अशी, की ते १८३ अंशांना मऊ पडू लागतं आणि पुरतं पातळ व्हायला साधारण २५५ अंश लागतात. मधल्या टप्प्यात ते चक्क्यासारखं असतं. तेवढ्या अवधीत लाकडी थापीने थापून मडगार्डचा पोचा भरून काढायचा. रेडिओ दुरुस्तीचा ६३-३७ चा डाख इथे कामाचा नाही, तो १८३ ला थेट पाणीच होतो. इथवर पोचेतो समोरच्याची जिलबी संपलेली असते. मठ्ठा आणतो म्हणून तो उठतो आणि नंतर थेट हात धुताना दिसतो.

हा सगळा खटाटोप आमच्या डुक्कर फियाटसाठी. लांबी भरली असती तर पोचा अर्ध्या दिवसात बुजला असता. पण लांबी म्हणजे पॉलिएस्टरची राळ आणि शंखजिऱ्याची पूड. पन्नासच्या दशकातल्या गाडीला प्लास्टिक फासायचं? त्या काळी अमेरिका-युरोपातल्या कारखान्यांत पत्र्यांचे सांधे शिशाने भरत. अमेरिकन हौशी लोकांनी तर १९४९ च्या मर्क्युरीसारख्या गाड्यांना नवे आकार देताना इतकं शिसं ओतलं, की तसल्या गाड्यांचं नावच ‘लेड स्लेड’ पडलं. अशा थोर परंपरेत आपणही असावं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर रॅलीत बॉनेटला टेकून “आम्ही लांबी वापरत नाही” एवढं वाक्य म्हणायला मिळावं, असं वाटलं.

पत्रा घासून लख्ख झाला तेव्हा मिस्त्री म्हणाले, “आता आधी कल्हई.” पत्र्यावर कथलाचा पातळ हात फिरल्याशिवाय शिसं धरत नाही. पण कल्हई म्हटल्यावर माझी गाडी बाजूलाच पडली. आमच्या वाड्याच्या दारात कल्हईवाला खड्डा खणून कोळसे पेटवायचा, भात्याचं तोंड मातीने लिंपायचा. भाता मारायचा मान मिळावा म्हणून आम्हा पोरांत गुद्दागुद्दी व्हायची. पातेलं तापलं की नवसागराची चिमूट, नाकाला झोंबणारा पांढरा धूर, कथलाच्या कांडीचा नुसता स्पर्श आणि कापसाच्या बोळ्याचा गरकन फिरलेला हात. काळवंडलेलं पितळ आतून चांदीचं व्हायचं! मग पाण्यात चुर्र. तापलेल्या नवसागराच्या वाफा धातूवरचा मळ खातात म्हणून कथील धरतं, हे पुढे शाळेत कळलं. त्या वेळी तो मंत्रच होता. आजीवर मात्र मंत्राचा परिणाम होत नसे. कढी कळकली तर जबाबदार कोण, हे तिला आधीच ठरवून हवं असे. ती पदर खोचून त्याच्या डोक्याशी उभी राहायची आणि बजावायची, “शिसं मिसळू नकोस रे बाबा, चोख कथील लाव.” शिसं स्वस्त आणि विषारी, मिसळायचा मोह मोठा. पुढे स्टीलची भांडी आली, कल्हईवाला यायचा थांबला, आणि आता त्याच आजीचा नातू तेच शिसं चढ्या भावाने घरपोच मागवतो.

शिसं भरताना ज्योत एका जागी धरायची नाही, फिरती ठेवायची; नाहीतर पत्रा वाकतो. थापी मेणात बुडवायची, म्हणजे ती चिकटत नाही. मिस्त्रींच्या हाताखाली शिसं उभ्या पत्र्यावर गुमान बसे. माझ्या हाताखाली ते क्षणभर चकाके आणि बुटावर येई. बुटांना आता कधीच पोचा येणार नाही.

मग घासायचं, तेही कानशीने. ग्राइंडर लावला की शिशाची धूळ उडते. मी मास्क, हातमोजे, वेगळा शर्ट अशा जामानिम्यात. मुलांना गॅरेजबंदी, कारण मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नसते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मिस्त्री बनियनवर. विशीत ते मुंबईच्या एका गॅरेजात हेच काम दिवसभर करत, ग्राइंडरने, आणि दुपारी त्याच हातांनी डबा खात. मास्क नव्हता का, असं विचारलं तर म्हणाले, “गाडीला कव्हर होतं, साहेब.” मला राग आला. कोणाचा, ते ठरवणं अवघड गेलं, कारण त्या गाड्यांचे मालक माझ्यासारखेच होते. हॉर्न ओरिजिनल, काचा ओरिजिनल हे आम्ही रॅलीत मोजून सांगतो. पत्रा ज्याने सरळ केला त्याच्या फुप्फुसांची चौकशी कोणत्याच फॉर्मवर नसते. मी मिस्त्रींना माझ्याकडचा जादा मास्क दिला. त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला.

आम्हा शौकिनांच्या खिशात मात्र लोहचुंबक असतो. गाडीला चिकटला तर पत्रा, घसरला तर लांबी. इतरांच्या गाड्यांवर तो फिरवून मी वर्षानुवर्षं “च्च” करत आलोय. चुंबक शिशालाही चिकटत नाही, हे ज्ञान मला होतं. त्याचा माझ्या गाडीशी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. माझा थरही तसा भरघोसच होता. रंग वाळल्यावर एक शौकीन स्नेही गॅरेजात आले, मडगार्डवर त्यांनी चुंबक टेकवला आणि तो टप्पकन खाली पडला. अंत्ययात्रेला आल्यासारखा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी परंपरा, सांधे, मर्क्युरी सगळं सांगायला तोंड उघडलं, तोवर ते मिस्त्रींकडे वळले होते.

“एवढी लांबी तुम्ही भरलीत?”

मिस्त्रींनी दोन्ही हात वर केले. “छे, छे. ते साहेबांचं काम.”