साठ मावळे आणि एक पेनड्राइव्ह

डिसेंबर लागला की शाळांमधला अभ्यास आवरता घेतात आणि गॅदरिंगच्या तालमी सुरू होतात. यंदा आमच्या भाच्याच्या शाळेने ‘संगीतमय शिवराज्याभिषेक’ बसवला. संगीतमयच का, साधं गद्य का नाही, असं मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, “अहो, गद्यात दहा मुलांची सोय होते. गाणं लावलं की साठ मावळे खपतात.”

संगीत रंगभूमीची इतकी नेमकी व्याख्या मी आजवर कुठल्याही परिसंवादात ऐकलेली नाही.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगवले, तेव्हा नटांना स्वतः गावं लागे. बिचाऱ्यांकडे पेनड्राइव्ह नव्हता. आता पोरांनी नुसते ओठ हलवायचे. तेही बेतानं, नाहीतर चिकटवलेली मिशी सुटते.

आता हिशेब बघा. एका मावळ्यामागे आई, बाबा, दोन आजोबा, दोन आज्या आणि व्हिडिओ काढायला एक मामा. माणशी नव्हे, मावळ्यामागे सात. साठ गुणिले सात, चारशे वीस. आकडा निव्वळ योगायोगाने आला आहे. ड्रेपरीवाल्याच्या बिलाशी त्याचा संबंध जोडू नये. व्यावसायिक निर्माते ‘हाऊसफुल्ल’च्या पाटीसाठी देव पाण्यात घालून बसतात. शाळेने ती पाटी हजेरीपटावरूनच काढली.

पडदा उघडला. महाराज सिंहासनावर बसले, पण चारशे विसांपैकी त्यांच्याकडे बघत होते फक्त सात. बाकीचे आपापल्या मावळ्याच्या शोधात. प्रत्येकाचा मोबाइल वर, आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पुढच्याचा मोबाइल. आमचा भाचा डावीकडून अकरावा होता. माझ्या व्हिडिओत त्याचा भाला उत्तम आला आहे.

पोवाडा ऐन रंगात आला आणि पेनड्राइव्ह अडकला. साठ तोंडं उघडी, आवाज शून्य. विंगेत बाईंनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या कुठल्याशा मावळ्याने पुढची ओळ उचलली. दीड महिना तेच घोकत होते, पाठ तर सगळ्यांनाच होतं. बघता बघता साठही जण गाऊ लागले, किमान वीस वेगवेगळ्या सुरांत. एकाची मिशी तबकात पडली, तरी तो थांबला नाही. सभागृहातले मोबाइल एकेक करत खाली आले. माझाही आला. पोवाडा संपला तेव्हा मागून एक आजोबा ओरडले, “वन्स मोअर!” आणि पोरांनी तो खरोखरच दिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत आढावा बैठक झाली. तांत्रिक बिघाडामुळे रसभंग झाल्याबद्दल पालकांकडे दिलगिरी व्यक्त करण्यात आली. पुढच्या वर्षी दोन पेनड्राइव्ह ठेवावेत, हा ठराव एकमताने मंजूर झाला.